काडी टपालानं मोडत नाही

खडकमाळ, ता. नेवासा
दि. ७ ऑक्टोबर १९७२

तुम्हांला,

पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कार लिहायचा असतो म्हणे. आज माझ्या मनात नमस्कार नाही, म्हणून कागदावर पण घालत नाही.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. गुरुजींचं नाही हे. माझं आहे, तुमच्या बायकोचं, छबूचं. कोल्हारला चौथीपर्यंत शिकले होते ते लग्नानंतर पार विसरले होते. तुम्ही पलटणीत गेलात आणि मी गुरुजींच्या घरच्या नीलांबरी वहिनींकडे दुपारचं जाऊन पुन्हा गिरवायला लागले. दोन वर्षं गिरवलं. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. तुम्ही रजेवर याल, मी पेपर उघडून घडाघडा वाचीन, आणि तुमचं तोंड कसं होतं ते बघीन, एवढीच हौस होती. शुद्धलेखन वहिनींचं आहे. राग माझा आहे.

तुम्ही तुमच्या वडलांना, मामांना पत्र लिहिलंत. नेहमीसारखं गुरुजी वाचून दाखवतील असं धरून चाललात. पण गुरुजींना दुष्काळाच्या कामावर नेवाशाला नेलंय, पंधरा दिवस झाले. मामा तीन दिवस ते पत्र टोपीत घालून हिंडले. कुणाकडून वाचून घ्यावं कळेना. आत्याबाईंच्या घशाखाली घास उतरेना, पोरगं बरं आहे का वाईट आहे म्हणून. शेवटी मीच म्हणाले, "द्या इकडं, मी वाचते."

आणि वाचलं. सगळं वाचलं, मोठ्यानं, चुलीपुढं बसून. तुम्ही लिहिलंत, पाय गुडघ्याखालून गेला तो गेलाच, सरकारनं चामड्याचा दिलाय, तो वावरात चालायचा नाही. मी आता गावाकडं येत नाही, इकडंच कुठं फाटकावर राखणीची नोकरी बघतो. छबूचं वय लहान आहे, पोटी मूल नाही. तिच्या भावाला, कानिफनाथाला बोलवून घ्या, काडीमोड करा, आणि चांगलं घर बघून तिचा पाट लावून द्या. आणि खाली काय लिहिलंत? "छबूला यातलं काही कळू देऊ नका, ती रडेल."

ती ओळ पण मी मोठ्यानंच वाचली. रडले नाही. तव्यावरची भाकरी तेवढी करपली.

आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. आणि मामा म्हणाले काय, तर, "छबे, तुला वाचाया येतं व्हय?"

तर आता ऐका. काडीमोड कशी करतात ते पुण्याच्या दवाखान्यात राहून विसरला असाल. नवऱ्यानं चावडीवर यायचं, पंचांपुढं उभं राहायचं, बायकोच्या डोळ्यादेखत आपल्या हातानं काडी मोडायची. तुमचा पाय गेला. हात गेलेले नाहीत. माझा संसार मोडायचा तर इथं येऊन मोडा. मामांना सांगून, मेहुण्याला सांगून, माझ्या पाठीमागं नाही चालायचं. सरहद्दीवर सुरुंगांच्या रानात शिरायला भ्याला नाहीत आणि घोडेगावच्या एस्टीत बसायला भिता?

मार्चात मी दवाखान्यात आले होते तेव्हाचं काही मनात धरून बसला असाल तर ते काढून टाका. मला त्या दिवशी ऊन लागलं होतं. म्हणून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

कागद संपला. राग संपला नाही.

छबू

•

खडकमाळ
दि. २२ ऑक्टोबर १९७२

तुम्हांला,

उत्तर नाही. दसरा कोरडा गेला. सोनं म्हणून वाटायला आपट्याची पानंसुद्धा धड नव्हती.

इथलं काय विचारता? विचारत नाहीच म्हणा तुम्ही, तरी सांगते. पावसानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. विहिरीत पोहरा आपटतो, पाणी लागत नाही. सरकारनं माळावर खडी फोडायचं काम काढलंय, निम्मं गाव तिथं असतं. मी पण जाते. मजुरीला मिलो मिळते, ती परदेशी लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना फुटते आणि खाताना घशात अडते. हातांना फोड आले, फुटले, आता घट्टे पडलेत.

तुम्ही का येत नाही ते मला ठाऊक आहे. मला वाटत होतं, आपल्या पायाची लाज वाटते म्हणून. तसं नाही. राहीबाईनं मला सांगितलं. राहीबाई म्हणजे आपल्या भिमाजी सुताराची बायको, सहादेवाची आई. तिसऱ्या वर्षी तापात पोराचा पाय वाळला, तेव्हापासून तो काठीवर आहे. तुमच्याच वयाचा. तुम्ही पोरं त्याच्या मागं त्याच्यासारखं फेंगडत चालायचा. 'लंगड्या सहाद्या' हे नाव तुम्हीच ठेवलं. आणि एका शिमग्याला त्याची काठी ओढून होळीत टाकली. तो होळीपासून घरापर्यंत खुरडत गेला आणि सगळं गाव हसलं. तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे होता म्हणे. बारा वर्षांच्या पोराला काही कळत नाही होय? बारा वर्षांची असताना मी दोन भावंडं सांभाळून स्वयंपाक करत होते!

गाव लंगड्याला काय करतं ते तुमच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? तुम्हीच केलंय ते. आता आपल्यावर येईल म्हणून तिकडं तोंड लपवून बसलात.

तुमचा तरी गावानं सत्कार केला. सव्वीस जानेवारीला. तुम्हांला कुणी कळवलं नसेल. सरपंच काकासाहेबांनी आपल्या घरून लग्नातला फोटो नेला, मला घडी घालून मागं सारलं, आणि तुमच्या अर्ध्या फोटोला खुर्चीवर ठेवून हार घातला. आत्याबाई किंचाळल्या, "मुडद्यांनो, जित्या मानसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय!" आणि हार तोडून घेऊन आल्या. तर असं आहे आपलं गाव. सहादेवाची काठी जाळतं आणि तुमच्या फोटोला हार घालतं. धड माणूस म्हणून दोघांनाही वागवत नाही.

म्हणून मी काय केलं ते सांगते. गेल्या आठवड्यात सहादेवाला कामावर घेऊन गेले. भिमाजीला सुतारकाम नाही, दुष्काळात औत कोण करून घेणार? घरात खायला नाही. कामावरचा कारकून त्याला बघून म्हणाला, "बाई, याला कशाला आणलं? याला चालता येत नाही."

मी म्हटलं, "साहेब, खडी चालत फोडत्यात का बसून? मला उभं राहून फोडून दाखवा बरं."

बायका हसल्या. कारकून चिडला. म्हणाला, अपंगाचं नाव हजेरीत लिहिता येत नाही, आणि याला दगड कोण आणून देणार? तेव्हा गोजरबाई उठली. तिची जीभ तुम्हांला माहीत आहे. म्हणाली, "मी देते आणून. माझा नवरा दोन पायाचा हाय, त्येला जल्मभर हातातच देत आले. ह्याला देते तर काय झिजते का मी?" आणि तिनं हातोडी खाली ठेवली. "ह्याचं नाव न्हाई तर माझंबी काढा." मग बनुबाईनं ठेवली. मग सगळ्यांनी. बावीस हातोड्या गप्प झाल्या. माळावर नुसता वारा ऐकू यायला लागला.

दुपारच्या भाकरीच्या आधी नाव लागलं. सहादेव भिमाजी.

पहिल्या दिवशी त्याचा ढीग एवढासा झाला. हात सोलले. मला वाटलं उद्या येत नाही हा. आला. चौथ्या दिवशी त्याचं माप गोजरबाईच्या बरोबर भरलं, म्हणून आता ती त्याच्याशी बोलत नाही.

तुम्ही कधी येता ते कळवा. उत्तर नको, दिवस कळवा.

छबू

•

खडकमाळ
दि. १४ नोव्हेंबर १९७२

तुम्हांला,

पाकीट पोचलं. दिवाळीच्या तोंडावर पाठवायला बरं सुचलं!

पाकिटात मोडलेली काडी. ती तरी धड कसली? दवाखान्याच्या केरसुणीचा हीर! माझा संसार मोडायला तुम्हांला केरसुणीचा हीर पुरला? आणि चिठ्ठी मामांच्या नावानं. "मी माझ्या हातानं मोडून धाडतो आहे, पंचांना दाखवा, छबू मोकळी झाली."

मामांनी चावडीवर नेलं सगळं. काकासाहेब होते, आणखी दोघं म्हातारे होते. गुरुजी अजून नेवाशालाच, तेव्हा वाचणार कोण? मीच. मागचं पत्र मी अक्षर न् अक्षर वाचलं होतं. हे नाही वाचलं. खुशाली वाचली, दिवाळीचा नमस्कार वाचला, आणि मोडून धाडतो ही ओळ गिळून टाकली. मग काडीचे दोन तुकडे त्यांच्या पुढं ठेवले आणि म्हटलं, "त्यांनी आख्खीच पाठवली असणार. टपालात मोडली. शिक्के कसे दणादण मारतात ते ठाऊक न्हाई का तुमाला?"

काकासाहेबांनी ते दोन तुकडे जुळवून बघितले. त्यांना कळलं असावं. पण त्यांनाही निवाडा अंगावर घ्यायचा नव्हता. म्हातारे पंच म्हणाले, "डोळ्यानं बघितल्याबिगर काडीमोड न्हाई. पोस्टाची काडी आमी मानत न्हाई. त्येला म्हणावं, ये." झालं. तुमची काडी फुकट गेली.

खोटं बोलले. तुमच्यामुळं बोलले. पाप लागलं तर निम्मं तुमचं.

आणि चिठ्ठीच्या खाली जे लिहिलंत ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तुम्ही आला होता! घोडेगावपर्यंत आला होता! शुक्रवारच्या बाजारात, लिंबाखाली उभे राहिलात, तीन मैलांवर घर, आणि तिथूनच माघारी! का, तर मामा आपल्या ढवळ्याला विकायला घेऊन आले होते, आणि व्यापारी त्याचा पाय उचलून बघत होते आणि म्हणत होते, लंगडा बैल दुष्काळात कशाला पोसता, कसायाला द्या. "लंगड्याचं बाजारात काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं, आता घरी येऊन काय पाहू?" वा! काय पण लिहिता!

अहो, अर्धंच बघून गेलात तुम्ही. आणखी घटकाभर थांबला असता तर पुढचं दिसलं असतं. ढवळ्याच्या खुरात भादव्यात खिळा गेला, तेव्हापासून तो पाय टेकत नाही, हे खरं. घरात वैरण नाही, हे खरं. मामा त्याला घेऊन गेले, हे पण खरं. पण त्या व्यापाऱ्यानं कासरा हातात घेतला तेव्हा मामांनी तो हिसकून परत घेतला. रंगुबाई तिथं दोर विकायला बसली होती, तिनं सगळं ऐकलं. मामा म्हणाले, "आठ वर्सं माझं वावार वढलं त्यानं. पाय मोडला म्हणून घरातलं जनावर घरातनं काढत्यात व्हय रं?" आणि तीन मैल त्याच्या चालीनं चालत आणलं. संध्याकाळ झाली यायला. आता मी माळावरून येताना बाभळीचा पाला, काटे भाजलेला निवडुंग, जे मिळेल ते घेऊन येते त्याच्यासाठी.

जो बाप बैलाला माघारी आणतो तो लेकाला दारातून घालवेल, असं वाटलं तरी कसं तुम्हांला? आणि तुम्ही बैल आहात का, बाजारात उभं राहून आपली किंमत करायला?

मामांना मी सांगितलं नाही तुम्ही आला होता ते. सांगितलं असतं तर त्यांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं असतं. त्या दिवशी तुम्ही त्यांच्यापासून वीस हातांवर होता.

छबू

•

खडकमाळ
दि. १० डिसेंबर १९७२

तुम्हांला,

कानिफनाथदादा येऊन गेला. तुम्ही त्याला वेगळं पत्र टाकलंत ना? त्याच्याकडं वाचायला माणसं आहेत. तो माझ्यावरच ओरडला. म्हणाला, "तो नांदवत न्हाई म्हनतो आन् तू माळावर दगडं फोडीत बसलीयस. आपल्याकडं कॅनॉल हाय, ऊस हाय, चल घरला." मी नाही म्हटलं. आत्याबाईंनी त्याचे पाय धरले. मग एवढं ठरलं की संक्रांतीपर्यंत वाट बघायची. संक्रांत झाली की तो गाडी जुंपून येणार आणि मला घेऊन जाणार. मामांनी त्याला शब्द दिला. मामांचा शब्द म्हणजे मला पण तो मोडता यायचा नाही.

तेव्हा आता महिना राहिला. म्हणून खरं लिहिते. हे लिहायला तीन कागद फाडले.

मार्चात मला ऊन लागलं नव्हतं.

नर्सबाईनं चादर बाजूला केली आणि मी तोंड फिरवलं. बाहेर जाऊन ओकले. तुम्ही बघत होता, मला ठाऊक आहे. परत आत आले तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं होतं. मग मी उशाशी लाडू ठेवले आणि एस्टी चुकेल म्हणून निघाले. एस्टीला अजून दोन तास होते. ते दोन तास मी फाटकाबाहेर बसून काढले आणि आत आले नाही.

आजवर सगळ्यांवर चिडले. तुमच्यावर, काकासाहेबांवर, कारकुनावर, गावावर. सगळ्यांत आधी माझ्यावर चिडायला पाहिजे होतं. बारा वर्षांच्या पोरानं काठी होळीत टाकली ते मी तुमच्या तोंडावर फेकलं, आणि मी बावीस वर्षांची घोडी, मी काय केलं? तोंडच फिरवलं ना? तुम्ही गावाला घाबरून नाही, मला घाबरून येत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण कबूल करायचं कुणाला असतं?

पण आता ऐका. दोन महिने मी सहादेवाच्या शेजारी बसून खडी फोडते. त्याचा तो पाय सारखा समोर असतो. वाळलेल्या फांदीसारखा आहे. पहिले दोन दिवस माझी नजर तिकडं जाईना. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर चिलट बसलं तर मीच हाकललं. आता तो पाय मला दिसतच नाही, सहादेव दिसतो. लई कटकट्या माणूस आहे. हातोडी कशी धरायची ते मला शिकवतो आणि रोज भांडतो. तुम्ही आलात की तुमचा पाय मला किती दिवस दिसेल ते आत्ता सांगता येत नाही. चार दिवस दिसेल, आठ दिवस दिसेल. ओकणार मात्र नाही. त्यापुढं दिसणार नाही. याहून जास्त गोड मला बोलता येत नाही, आणि खोटं आता लिहायचं नाही.

सहादेवाला मी विचारलं, "ते आले तर चालंल का तुला?" त्यानं हातातला दगड आधी फोडला. मग म्हणाला, "ये म्हनावं. माझी काठी भरून दे म्हनावं, आन् ये."

पत्र मिळाल्यावर भिंतीकडं तोंड करू नका.

छबू

•

खडकमाळ
दि. २ जानेवारी १९७३

तुम्हांला,

शेवटचं लिहिते. यापुढं टपालखर्च नाही आणि अब्रू पण नाही.

हजेरीत तुमचं नाव लावायला गेले होते. कारकून आता मला बघितलं की आधीच वही उघडतो. पण काकासाहेब आडवे आले. म्हणाले, "मच्छिंद्र गावाचा वीर हाय. त्यानं माळावर खडी फोडली तर गावाची इज्जत काय ऱ्हाईल? त्याच्यासाठी चावडीवर कायमची खुर्ची ठेवतो आमी. बसंल, पोरांना लढाईच्या गोष्टी सांगंल."

मी म्हटलं, "सहादेवानं फोडली तवा इज्जत कुठं गावाला गेल्ती काकासाहेब? खुर्चीत एकदा त्यांचा फोटो बसवून झाला तुमचा. आता माणूस येतोय, त्याला काम द्या. नाहीतर त्या खुर्चीत तुमीच बसा न् हार घालून घ्या."

चावडीवर बाईमाणसानं असं बोलायचं नसतं. आत्याबाई आठ दिवस मला त्यावरून बोलल्या. पण मामा गप्प होते, आणि मामा गप्प असले की त्यांचा होकार असतो. कारकुनानं नाव लिहिलं. तो म्हणाला, संक्रांतीनंतर आठ दिवस मोकळं ठेवतो, नंतर खोडणार.

तुम्हांला त्या पायानं उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, म्हणून मामांना लिहिलं होतंत. भिमाजीनं बाभळीचा ठोकळा तासून वीतभर उंचीचं बसणं केलंय, डावीकडं, गेलेल्या पायाच्या बाजूला, उतार दिलाय. माप विचारलं तर मी अंदाजानं सांगितलं, तुमच्या उजव्या मांडीएवढं. चुकलं तर तासून देईन म्हणतो. हातोडीचा दांडा सहादेवानं घातला. तुमच्यासाठी म्हणून नाही, घरात पडला होता म्हणून घातला, असं तो तीनदा म्हणाला.

या पाकिटात एक काडी आहे. तुमच्या केरसुणीच्या हिराची परतफेड नाही ही. ही कडब्याची आहे. घरात कडबा उरलाय तो छपराच्या वळचणीला, तिथली ओढून काढली. दोन्हीकडून पुठ्ठा लावलाय, शिक्क्यानं मोडू नये म्हणून. आख्खी पोचेल.

संक्रांतीच्या आत ती घेऊन या. मोडायची असेल तर चावडीवर माझ्या डोळ्यांत बघून मोडा, मी दादाच्या गाडीत बसते आणि मागं वळून बघत नाही. मोडायची नसेल तर दुष्काळात वैरणीची काडी वाया घालवायची नसते, गोठ्यात ढवळ्या उभा आहे, त्याच्यापुढं टाका.

छबू

•

खडकमाळ
दि. १७ जानेवारी १९७३

ती. कानिफनाथदादास,

साष्टांग नमस्कार. कार्ड लहान आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

भोगीच्या दिवशी दुपारी ते आले. घोडेगावपासून तीन मैल चालत, एकटेच. वाटेत भेटलेल्या गाडीत बसले नाहीत म्हणे. पायाच्या खुंटातून रक्त आलं होतं. मी धुतलं. बघितलं आणि धुतलं.

एका हातात त्यांची काठी होती आणि काखेत दुसरी, नवी, वेताची. घरी न येता आधी सुताराच्या दारात गेले. सहादेवानं काठी उलटी सुलटी बघितली आणि अंगणातल्या सगळ्यांसमोर त्यांना शिव्या घातल्या. मोजून घेतल्यासारख्या, एकामागून एक. हे मान खाली घालून उभे राहिले, एका शब्दानं उलटले नाहीत. मग सहादेव म्हणाला, काठी दोन बोटं लांब आहे, आणि भिमाजीला कापायला दिली.

काल दोघं शेजारी बसून खडी फोडत होते. यांचा ढीग एवढासा झाला. सहादेव दिवसभर ओरडत होता, हातोडी अशी धरतात का म्हणून. पोरं बघायला जमली होती, गोजरबाईनं दगड उचलल्यावर पळाली.

मी अजून त्यांच्याशी बोलत नाही. तीन महिन्यांचा राग चार दिवसांत जात नाही. जेवायला वाढते तेवढंच.

काडी ढवळ्यानं खाल्ली. मामा बघत होते, आत्याबाई बघत होत्या, पंच म्हणून तेवढे पुरेत. तर मला न्यायला गाडी आणू नकोस. आणलीसच, तर वैरण भरून आण.

तुझी बहीण
छबू